एका अक्षराची मनीऑर्डर

नागपूरहून निघालेली बस पैनगंगेचा पूल ओलांडते आणि रस्त्याकडेच्या पाट्या वाचता येईनाशा होतात. माती तीच, काळी. कापसाची वेचणी आटोपल्यावर उभ्या राहिलेल्या पऱ्हाट्या त्याच. शेजारच्या सीटवरचा माणूस बोलतो तेही वऱ्हाडीच. फक्त मैलाच्या दगडावरची अक्षरे गोल होतात, आणि आपले गाव आले का हे त्या माणसाला विचारावे लागते. शिकलेल्या माणसाला निरक्षर करायला एवढा एक पूल पुरतो.

मी एका कामासाठी निघालो होतो. नव्वदीच्या दशकाचा मध्य होता. बँकांत संगणक बसत होते, त्यावरून कर्मचारी संघटना आणि व्यवस्थापन यांच्यात वाद चालू होते. मुंबईत भिंतीतल्या यंत्रातून नोटा निघतात असे पाहून आलेले लोक सांगत. प्लास्टिकचे कार्ड दाखवून जेवणाचे बिल चुकवणारा एखादा व्यापारी नागपुरातही भेटे. संपादकांचे म्हणणे असे की हे सगळे शहरांचे झाले. टपाल खात्याने आता उपग्रहामार्फत मनीऑर्डर पाठवायला सुरुवात केली आहे, ती आडवळणाच्या जिल्ह्यात कशी चालते ते पाहून ये. आदिलाबाद नागपूरला जवळ, आणि अर्धा जिल्हा मराठी बोलणारा, म्हणून आदिलाबाद.

आदिलाबाद

टपाल कचेरीच्या गच्चीवर पांढरी तबकडी होती. खाली एका खोलीत पडदे लावलेले, पंखा फिरत असलेला, आणि प्लास्टिकचे आवरण अर्धे काढलेला संगणक. त्या खोलीबाहेर चपला काढाव्या लागत. खोलीचा कारभार हमीदभाई नावाच्या जुन्या कारकुनाकडे होता. वडिलांपासून नोकरी याच कचेरीत, म्हणून बोलण्यात ‘रवाना’, ‘वसूल’, ‘दरखास्त’ हे शब्द अजून जिवंत.

“साब, पहले पैसा बस में बैठ के आता था,” ते म्हणाले. “अब उड़ के आता है. हैदराबाद में सुबह रवाना किया, दोपहर को इधर उतर गया. इधर से आगे फिर वहीच डाक की थैली, वहीच सायकल.”

यंत्रातून निघालेली एक पावती त्यांनी दाखवली. नाव, गाव, रक्कम, आणि खाली निरोपासाठी अर्धी ओळ. जुन्या मनीऑर्डरच्या अर्जाला तळाशी एक कूपन असते. पैसे पाठवणारा त्यावर आपल्या हाताने चार ओळी लिहितो. पोस्टमन पैसे देताना ते फाडून घरच्यांच्या हाती ठेवतो. आमच्याकडे पैसे संपले तरी ही कूपने खुंटीच्या तारेला टोचलेली राहतात, कारण त्यावर पाठवणाऱ्याचे अक्षर असते. ते कूपन आता गेले होते.

“यात तेलुगू लिहिता येते?” मी विचारले.

“मशीन को तेलुगू नहीं आती.”

“मराठी?”

“मराठी भी नहीं आती. उर्दू तो बिलकुल नहीं आती.” हमीदभाई हसले. “अंग्रेज़ी आती है, वो भी बड़े अक्षर. और ज़्यादा बात करने की आदत नहीं है उसको. थोड़े में बोलो, बस.”

अशा मनीऑर्डरीने पैसे पाठवलेले किंवा घेतलेले कोणी भेटेल का, असे विचारल्यावर त्यांनी डोळे मिटून आठवले. गुडीहत्नूरच्या शाळेत पद्मा नावाची एक बाई परिचर आहे. तिने हैदराबादहून सासऱ्याला पैसे पाठवले होते, मुधोळच्या बाजूला. ही खोली उघडली तेव्हा सुरुवातीला जे पैसे उतरले त्यातले ते. “बराबर पहुँचा था,” ते म्हणाले. “पैसा भी, बात भी. हमारी तरफ़ से कोई शिकायत नहीं.”

गुडीहत्नूर

गुडीहत्नूर राष्ट्रीय महामार्गावर आहे. ट्रक थांबत नाहीत, त्यामुळे गाव शांत आहे. शाळेमागच्या दोन खोल्यांच्या दारात पद्माबाई तूर पाखडत होत्या. तिशीच्या आतबाहेरच्या, कपाळ मोकळे.

“रंडि,” त्या म्हणाल्या, आणि लगेच, “म्हणजे या, सर. या.”

तेलुगूत मोठ्या माणसाला, पाहुण्याला आदराने ‘या’ म्हणण्याचा हा शब्द आहे. मराठी कानाला तो शिवी लागतो. माझा चेहरा काही बोलला असावा.

“घाबरू नका,” त्या म्हणाल्या. “लग्न होऊन सासरी गेले तेव्हा पहिल्या दिवशी बाबा वावरातून आले. बाबा म्हणजे माझे मामंजी. मी दारात उभी राहून म्हटलं, रंडि बाबा. सगळी गल्ली गप. मग एक म्हातारी ओरडली, अगं बाई, सून आल्या आल्या सासऱ्याला काय म्हणते पहा!” त्या थोड्या हसल्या. ते हसू फार टिकले नाही.

त्यांचे मराठी नवऱ्याकडून आलेले होते, वऱ्हाडीच्या वळणाचे, तेलुगूच्या ठेक्याचे. नवरा मिलिंद याच शाळेत मास्तर होता. दोघांची ओळख तो निर्मलला शिक्षक-प्रशिक्षण घेत असताना झाली. ती तेलुगू, तो मुधोळकडचा मराठी बौद्ध. त्याचे आईवडील दुसऱ्यांच्या वावरात राबलेले; वाड्यावस्तीतला सरकारी नोकरीला लागलेला तो पहिला. मिलिंद गेल्यावर पद्माबाईंना त्याच्याच शाळेत परिचराची जागा मिळाली.

जेवायला ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी होती. आमच्याकडे अंबाडीत तांदळाच्या कण्या आणि लसणाची फोडणी घालतात. इथे हिरव्या मिरचीचा ठेचा घालून आंबट-तिखट करतात आणि तिला पुंटीकूर म्हणतात.

“ते अंबाडी म्हणायचे, मी पुंटीकूर म्हणायची,” पद्माबाई म्हणाल्या. “भाजी एकच. ते म्हणायचे, या घरात भाजीचंसुद्धा लग्न लागलं.”

जेवण झाल्यावर मी मनीऑर्डरीचे विचारले. त्यांनी ताट बाजूला सारले आणि सांगितले. मधे थांबल्या नाहीत.

मिलिंदला कावीळ झाली. आधी गावठी औषध, मग आदिलाबाद, मग हैदराबादचा सरकारी दवाखाना. बापाचे पोस्टकार्ड आले: येऊ का? बापाला लिहिता येत नाही. गावच्या पोस्टमनने लिहून दिलेले. त्याआधी मिलिंद दोनदा ‘येऊ नका’ म्हणून कळवून चुकला होता, कारण वेचणी चालू होती आणि मजुरी बुडाली असती. या वेळी त्याच्या हातात पेन राहत नव्हते. तो नुसते म्हणाला, बोलाव.

“मी दवाखान्याजवळच्या पोस्टात गेले. म्हटलं, तार केली तर बाबांकडं तिकिटाला पैसे कुठं? पैसेच पाठवते, त्यावरच लिहिते. कूपनवर आपण लिहितो ना, तसं. मी तेलुगूत पूर्ण सांगितलं होतं लिहून: तब्येत बरी नाही, तुमची वाट पाहून राह्यले, निघा. काउंटरवाला म्हणाला, अम्मा, हे नाही जाणार. नवी मशीन आहे, लवकर जाईल, पण इंग्लिश पाहिजे, आणि थोडंच. मला इंग्लिश बसच्या बोर्डापुरतं येतं. जेवढं आलं तेवढं लिहिलं. या, म्हणून लिहिलं. पाठवणाऱ्याचं नाव त्यांचं टाकलं. बाबांना वाटावं, पोरानं बोलावलं.”

“मग?”

“मग काय, सर. रोज संध्याकाळी दाराकडं पाहून विचारायचे, बाबा आले का? मी म्हणायची, बस लेट असेल.” त्या उठल्या आणि माठातले पाणी तांब्यात ओतले, पण प्यायल्या नाहीत. “नाही आले. सगळं संपल्यावर मागून पोच आली माझ्या हातात. पैसे मिळाल्याची. त्यावर बाबांचा अंगठा होता. पोच आली, अंगठा आला, माणूस नाही आला.”

मातीला म्हातारा आला होता. दोघे बोलले नाहीत. त्यानंतर अधूनमधून मुधोळकडून येणाऱ्या कोणाच्या तरी हाती ज्वारीचे एक पोते येते. सोबत निरोप नसतो.

दाराच्या आत एक पत्र्याची ट्रंक दोरीने बांधून ठेवलेली होती. पद्माबाईंनी माहेरी, करीमनगरकडे बदली मागून घेतली होती. परीक्षा झाल्या की जाणार होत्या, आणि मग या बाजूला येण्याचे काही कारण राहणार नव्हते.

मी निघताना त्या फाटकापर्यंत आल्या.

“तुमी तिकडं मुधोळला चालले ना, सर? एक विचारा. भांडायचं नाही. जाण्याआधी मला एवढंच ऐकायचंय. बाबा काऊन नाही आले?”

बातमीदाराने निरोप नेऊ नये असे आम्हाला शिकवलेले आहे. मी विचारीन म्हणालो.

इचोडा

गुडीहत्नूरच्या दक्षिणेला इचोडा. हैदराबाद-नागपूर रस्त्यावरचा हा बाजार आहे: टायरची दुकाने, बियाण्याची दुकाने, ढाबे, आणि एकमेकांना पाठ लावून उभे ट्रक. निर्मलकडे जाणारी बस भरून गेली होती. प्रवासी भरणाऱ्या जीपा समोरच उभ्या होत्या. त्यातल्या एकीच्या चालकाने इंजिन चालू ठेवून माझ्याकडे पाहिले आणि ओरडला, “रा! रा!”

आमच्याकडे ‘राहा’तला ‘ह’ बोलताना गळून पडतो. ‘गप रा’, ‘घरीच रा’ असेच लोक म्हणतात. मला वाटले, जागा नाही, थांबा म्हणतो आहे. मी बॅग खाली ठेवली आणि थांबलो. त्याने पुन्हा दोनदा “रा, रा” केले, मी मान हलवली, आणि जीप निघून गेली. शेवटच्या बाकावर एक जागा रिकामी दिसली.

चहाच्या टपरीवाल्याने हे पाहिले होते. तो मराठीच होता.

“काय सायेब, बलावून राह्यला होता ना तो तुमाले!”

“थांबा म्हणाला.”

“अरे देवा!” त्याने गिऱ्हाइकांकडे पाहून टाळी दिली. “हे पहा, नागपूरचं पार्सल! सायेब, रा म्हनजे ये. तेलुगूत ये, आपल्यात थांब.”

“मग तुम्हाला इथे कसे कळते?”

“बोलनाऱ्याचं तोंड पाहाचं,” तो म्हणाला. “तोंड पाह्यलं का समजते, कोनती रा हाय ते. दहा वर्सांत माही कदी चूक नाई झाली.”

गिऱ्हाइके हसली, मीही हसलो. पुढची जीप भरेपर्यंत ढाब्यावर बसलो. भात, पातळ आंबट वरण, वर तळलेली मिरची. आमच्याकडे जेवण पोळीने सुरू होते. इथे भाताचा डोंगर आधी येतो आणि पोळी मागितली तर स्वयंपाक्याला आजारी माणूस आल्यासारखे वाटते.

मुधोळजवळचे गाव

निर्मल, भैंसा, आणि मग मुधोळ. इथे पाट्या तेलुगू आणि माणसे मराठी. मुधोळहून पुढे गाव चालत जाण्याइतके जवळ आहे. टपाल वाटायला निघालेला पोस्टमन गंगाधर सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत आला. तोंड अखंड चालू.

“लिंबामामाकडं चालले? आमच्या गावचा तो मोठा मानूस हाय, सायेब. त्याचे पैसे चंद्रावरून आलते. मी म्हन्लं, मामा, आता देव तुमाले डायरेक्ट पगार पाठवून राह्यला.”

मनीऑर्डर त्यानेच पोचवली का, असे मी त्याला विचारले.

“मीच. कागद पन मीच वाचून दाखवला. पोस्टकार्ड पन मीच लिवलं होतं त्याच्या आदी, येऊ का म्हनून. माह्याबिगर त्या घरचं पान नाई हालत.”

मिलिंदचे वडील लिंबाजी घरापुढच्या मोकळ्या जागेत पऱ्हाट्यांच्या जळणाच्या मोळ्या बांधत होते. उंच, वाळलेले शरीर, अंगात बंडी. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि तिच्याखाली, त्याच उंचीच्या खिळ्याला, शाळेच्या आवारात काढलेला मिलिंदचा फोटो. पत्नी आधीच वारलेली. त्यांनी मला बाज दिली आणि स्वतः काम चालू ठेवले.

मी आधी माझे प्रश्न विचारले. पैसे किती दिवसांत आले, पूर्वीपेक्षा लवकर आले का, अडचण काही आली का. त्यांनी नीट उत्तरे दिली. लवकर आले. अडचण नाही. नोटा कोऱ्या होत्या.

मग मी सांगितले की मी गुडीहत्नूरहून आलो आहे, पद्माबाईंना भेटून. त्यांचा हात थांबला.

“बरी हाय?”

“बऱ्या आहेत. बदली झाली. करीमनगरकडे जाणार आहेत, कायमच्या.”

त्यांनी मान हलवली. मी म्हणालो, “त्यांनी एक विचारायला सांगितले आहे. तुम्ही हैदराबादला का आला नाहीत?”

गंगाधर सायकलीच्या घंटीशी खेळत होता, तो थांबला. लिंबाजींनी मोळीची दोरी ओढून घट्ट केली.

“तिनं विचारलं हे?”

“हो.”

“मंग तिले माहीतच नाई म्हनाव.” त्यांचा आवाज चढला नाही. “मी तर कपडे बांधून ठेवले होते, सायेब. याले विचारा. पोराले लिवलं, येऊ का. पोरानं पैसे पाठोले आन् लिवलं, बाबा रा. त्यानं मना केलं, मी राह्यलो. बाप असून पोराचं आयकलं. त्या पैशाले मी हात नाई लावला बरेच दिवस. मले वाटे, पोरगं मास्तर झालं, तिथं मोठमोठे लोक येत असन, बापाचं धोतर पाहून लाज वाटत असन त्याले. वाटू दे. पन रा म्हन्लं त्यानं, तर मी राह्यलो.”

“कागदावर नेमके काय होते?”

उत्तर गंगाधरने दिले. “बी-ए-बी-ए, बाबा. आर-ए, रा. बस. खाली मिलिंदचं नाव.”

मला इचोड्याची जीप आठवली. मी त्यांना सांगितले की तो निरोप मिलिंदने लिहिला नव्हता. त्याला पेन धरता येत नव्हते. तो पद्माबाईंनी लिहिला, आणि त्यांनी त्यावर ‘या’ असे लिहिले होते.

गंगाधरला आधी कळले. तो तेलुगू शाळेत शिकलेला होता.

“आवं मामा,” तो म्हणाला. मग सायकल भिंतीला टेकवायला गेला आणि ती नीट टेकली नाही, पडली. त्याने ती उचलली नाही. “माय वो. तेलुगूतलं रा होतं ते. मी आयुष्यभर बाजारात रा, रा आयकतो. नाव मिलिंदचं होतं ना मामा. मी मराठीतच वाचलं.”

लिंबाजी त्याच्याकडे पाहत नव्हते. बांधून झालेली मोळी त्यांनी सोडली, काड्या सारख्या केल्या, आणि तीच पुन्हा बांधायला घेतली.

“मीनंच शिकवलं तिले,” ते म्हणाले.

मी विचारले, काय?

“ते. घरात आली तवा ती मले रंडि म्हने. रीत हाय त्यांची, मले माहीत होतं, मी कापसाच्या जिनिंगात तेलुगू लोकायसंग काम केलेलं. पन गल्ली हासे. मी म्हन्लं, पोरी, शब्द चांगला हाय तुहा, पन ही गल्ली मराठी हाय. मले नुसतं रा म्हन. तर तोंडाले पदर लावून म्हने, नाई बाबा, मोठ्या मानसाले रा नाई म्हनत, लेकराले म्हनतेत, आपल्या घरच्याले म्हनतेत. मी म्हन्लं, मंग मी कोनाच्या घरचा हाय?” त्यांनी दोरीची गाठ मारली. “तवापासून मी वावरातून आलो का दारातून आवाज ये. बाबा, रा. रोज आयकलं ते. तिच्या तोंडून आलं असतं तर मी झोपेतबी वळखलं असतं. हातानं लिवलं असतं तरी समजलं असतं. पोराचं लिवनं उभं, तिचं गोल. वाचता येत नाई मले, पन गोल दिसते ना. त्या कागदावर तर सारं मशीनीचं. तिथं कोन कोनाले वळखन?”

उन्हे कलली. शेजारून कोणी चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली.

“मंग बलावलं होतं त्यानं,” लिंबाजी शेवटी म्हणाले. ते मला सांगत नव्हते.

मी सांगितले नसते तर मुलाने आपल्याला येऊ दिले नाही एवढेच दुःख त्यांच्याकडे राहिले असते. आता मुलाने बोलावले होते आणि ते गेले नव्हते. यातले कोणते हलके, हे मी त्यांना विचारले नाही.

परतीची वाट

रात्र मी मुधोळला काढली. सकाळी बसथांब्यावर लिंबाजी आधीच येऊन उभे होते. धुतलेले धोतर, पांढरी टोपी, हात रिकामे. गंगाधर त्यांना सोडायला आला होता. आज त्याचे तोंड बंद होते.

“मामा, जवारी?” त्याने एवढेच विचारले. “पोतं टाकू का टपावर?”

“नाई,” लिंबाजी म्हणाले. “या बारीनं पोतं नाई. मीच जातो.”

भैंशाला बस बदलली, निर्मलला पुन्हा बदलली. निर्मलच्या पुढे घाट लागतो. सागाची पाने गळून गेलेली होती आणि उन्हात डोंगराचे दगड दिसत होते. खिडकीची जागा मी त्यांना दिली. ते बाहेर पाहत राहिले. घाट संपल्यावर त्यांनी पहिल्यांदा तोंड उघडले.

“तिनं सांगितलं तुमाले, तो विचारे म्हनून?”

“हो. बाबा आले का, असे.”

“रोज?”

“रोज संध्याकाळी.”

“मंग ती काय सांगे त्याले?”

“बसला उशीर झाला असेल, असे.”

त्यांनी मान डोलावली, जणू हिशेब बरोबर निघाला. इचोड्याला बस थांबली. बाहेर जीपवाले नेहमीसारखे ओरडत होते, रा, रा. लिंबाजींनी खिडकीची काच ओढून घेतली.

माझी बातमी तोपर्यंत मनात तयार होती. नागपूरला पोचल्यावर मी ती तशीच लिहिली आणि ती छापून आली: नवी व्यवस्था या जिल्ह्यात सुरळीत चालते, पैसे पूर्वीपेक्षा खूप लवकर पोचतात, निरोपातले अक्षरही बदलत नाही. त्यात चुकीचे काही नव्हते. हमीदभाईंनी नंतर पत्र पाठवून आभार मानले.

गुडीहत्नूर, पुन्हा

शाळा सुटून गेली होती. पद्माबाई दारात भांडी पालथी घालत होत्या. फाटक वाजले तसे त्यांनी वर पाहिले. आधी मी दिसलो, मग माझ्यामागचे लिंबाजी. त्या उठून उभ्या राहिल्या. हातातले ताट हातातच राहिले.

लिंबाजी फाटकाच्या आत दोन पावलांवर थांबले. टोपी काढून त्यांनी हातात धरली. सुनेसमोर सासरा टोपी काढत नाही, त्यांच्याकडेही नाही आणि आमच्याकडेही नाही.

“पोरी,” ते म्हणाले, “तू रा लिवलं. खाली नाव त्याचं होतं. मले वाटलं, तो रा म्हनते.”

पद्माबाई पाहत राहिल्या. मी समजावून सांगायला पुढे होणार होतो, पण गरज पडली नाही. त्यांना दोन्ही भाषा येत होत्या. त्यांचे ओठ हलले, बहुधा एकदा एका भाषेत आणि एकदा दुसऱ्या. ताट त्यांनी खाली ठेवले. ते दगडावर वाजले आणि बराच वेळ वाजत राहिले.

“मी कपडे बांधून ठेवले होते,” लिंबाजी म्हणाले. “रा म्हन्लं म्हनून सोडले.”

“बस लेट आहे, असं सांगायची मी त्यांना,” त्या म्हणाल्या.

“हो. सायबानं सांगितलं.”

दोघेही रडले नाहीत. महामार्गावरून एक ट्रक गेला, मग दुसरा. दाराच्या आत बांधलेली ट्रंक दिसत होती. लिंबाजींनी ती पाहिली आणि नजर खाली घेतली. जायला वळावे की थांबावे हे त्यांना कळत नसावे. फाटक त्यांच्या मागे उघडेच होते.

पद्माबाई दारातून बाजूला झाल्या. पदर डोक्यावर घेतला.

“बाबा,” त्या म्हणाल्या. पुढचा शब्द त्यांच्या ओठांवर आलेला मला दिसला. ‘र’ उमटला आणि अडला. लिंबाजींनी मान वर केली होती.

“रंडि,” त्या म्हणाल्या.

हळू आणि जपून म्हणाल्या, बाहेरच्या मोठ्या माणसाला म्हणावे तसे. लिंबाजी क्षणभर जागीच राहिले. मग त्यांनी चपला काढून भिंतीशी नीट लावून ठेवल्या, आणि पाहुणा येतो तसे आत गेले.